तिसऱ्या पासपोर्टवर पहिला शिक्का: गिफा, बायको आणि एक बंद भट्टी

शिरोलीकर | ५ मार्च २०२३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं हितं नुसता वाचतोय, लिहायचा योग आज आला. प्रश्न साधा आहे पण त्याला तीस वर्षांचं शेपूट आहे, घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

मी मेकॅनिकलवाला. ९१ ला ॲडमिशन, ९५ ला सुटायला पाहिजे होतो, एम-३ ह्या गणिताच्या पेपरनं एक वर्ष धरून ठेवलं म्हणून ९६. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाचा कारखाना) आहे, आधी शॉपवर, आता क्वालिटीत. थर्ड इयरला एक सर होते, फौंड्री आणि मटेरियल दोन्ही तेच शिकवायचे. एकदा त्यांनी अख्खा फळाभर ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजापासनं लोखंड करायची भट्टी काढली. तासभर, खालनं वरपर्यंत. माल वरनं कसा पडतो, गरम वारा कुठनं शिरतो, कोक कुठं जळतो, लोखंड कुठनं काढायचं, स्लॅग म्हणजे मळी कुठनं. शेवटी हात झटकले आणि म्हणाले, "हे सगळं मी पुस्तकातनं शिकलोय. चालती भट्टी मी बघितलेली नाही. तुम्ही बघा आणि मला येऊन सांगा."

त्याच वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिट ठरली, गोव्यात पिग आयर्नच्या (भट्टीतनं निघणारं कच्चं लोखंड) कारखान्यात. सरांना त्याच आठवड्यात घरात लग्न होतं, ते आले नाहीत. बस पहाटे कळंगुटला थांबली ती थांबलीच. कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजलेले, अंगाला वाळू, वॉचमननं पत्र बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि पत्र परत दिलं. रिपोर्ट मात्र चाळीसच्या चाळीस जणांनी दिला. एकाचा बघून बाकीच्यांनी. मला २५ पैकी २१ पडले. पुढच्या आठवड्यात सर कॉरिडॉरमध्ये भेटले, म्हणाले काय रे, बघितलीस भट्टी? मी म्हटलं, हो सर.

ते 'हो सर' अजून घशात आहे, खोटं नाही सांगत.

पासपोर्ट ९७ ला काढला, पुण्याला खेटे घालून. २००७ ला कोरा संपला. दुसराही २०१७ ला कोरा संपला. तिसरा हितंच पोस्टातल्या केंद्रात झाला. मधे २०१९ च्या गिफाला (फौंड्रीवाल्यांची जत्रा, चार वर्षांनी एकदा भरते) नाव लागलं होतं, ऐन वेळी आईचं ऑपरेशन निघालं. आता यंदा १२ ते १६ जून जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गिफा आहे, कंपनी पाठवतीय. बायकोला स्वतःच्या खर्चानं नेतोय आणि पुढं पाच दिवस रजा टाकलीय. मुलगी म्हणते पॅरिस. मेव्हणा म्हणतोय स्वित्झर्लंड, बर्फ बघितल्याशिवाय परदेश धरत नाहीत म्हणे. आणि मला ड्युसेलडॉर्फच्या शेजारी ड्युसबुर्गला एक ब्लास्ट फर्नेस आहे ती बघायचीय. १९८५ ला बंद पडली, आता तिथं बाग केलीय, वर चढून जाता येतं. हे वेड आहे काय? स्पष्ट सांगा.

---

रंकाळ्याचा_वारा

स्वित्झर्लंड. धागा बंद करा.

---

पांढरा_रस्सा

पाच दिवस लोखंड बघून झाल्यावर सुट्टी काढून परत लोखंडच बघायला जाणारा माणूस आमच्या कोल्हापुरातच सापडायचा. नाद खुळा. वहिनींना आमचा दंडवत कळवा.

---

मिनीड्राफ्टर

काय आठवण काढलीस भावा. मी सिव्हिल, ८८ ची बॅच, कॉलेज कुठलं ते सांगत नाही कारण अजून दोन मास्तर हयात आहेत. १९८३ ला वसंतदादांनी खाजगी कॉलेजांना दार उघडलं त्याच्या पहिल्या काही पाण्यातले आम्ही. कॉलेज म्हणजे एक मजली इमारत, मागं ऊस, आणि ड्रॉइंग हॉलला पंखे नाहीत. घामाचा थेंब शीटवर पडला की शाई पसरायची.

पोरांना आता जीटी म्हणजे काय ते पण सांगावं लागतं. ग्लास ट्रेसिंग! दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी टाकायची, खाली शंभरचा बल्ब, हुशार पोराचं शीट खाली, आपलं वर, आणि रात्रभर गिरवत बसायचं. काच तापायची, कोपर भाजायचं. आमच्या रूमवर एकदा ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली ती आलीच नाही, तर एकानं काच उचलून स्टँडवर नेली, तिथं एसटीच्या चौकशीच्या खिडकीत ट्यूब लागलेली असायची. कंट्रोलर बिचारा रात्री दोन वाजता आयसोमेट्रिक व्ह्यू बघत बसला होता. सकाळी म्हणतोय, ह्या बाजूची एक रेघ राहिली बघा. आणि खरंच राहिली होती!!

मूळ प्रश्न: ड्युसबुर्ग बघाच, पण कोलोनचं कॅथेड्रल सोडू नका, तिथनं तासाच्या आत आहे. १२४८ ला पाया घातला आणि पुरं झालं १८८० ला. मधली तीनशे वर्षं काम बंद आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी. ६३२ वर्षं! आमच्या बॅचचा एकजण अजून स्ट्रक्चर्सच्या केटीत आहे, त्याला हे सांगितल्यावर धीर आला.

---

पांढरा_रस्सा

@मिनीड्राफ्टर, कंट्रोलरला तुमच्यापेक्षा जास्त मार्क पडले असते.

---

उद्यमनगर_आबा

मी इंजिनेर नाही. आयटीआय टर्नर, ७९ साल. तुमच्या त्या जीट्या आणि व्हायव्हा मला ठाऊक नाहीत, पण ९६-९७ च्या सुमाराला असली पोरं आमच्या शॉपमध्ये ट्रेनी म्हणून यायची आणि व्हर्नियर उलटा धरायची हे ठाऊक आहे. असो. राग मानू नका.

परदेश म्हणाल तर मी ९९ ला तैवानला जाऊन आलोय. सेकंडहँड सीएनसी बघायला. इंग्रजी येत नव्हतं, त्यांनाही येत नव्हतं, त्यामुळं बरं जमलं. मशीन चालू करायला लावलं, स्पिंडलवर हात ठेवला, आवाज ऐकला, आणि बोटानं नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या शेडमध्ये दुसरं दाखवलं, ते घेतलं. अजून चालतंय. आठ दिवस केळी आणि घरनं नेलेलं शेंगदाण्याचं कूट खाऊन काढले.

म्हणून सांगतो, मशीन चालू असताना बघायचं असतं. बंद भट्टी म्हणजे मढं. तिचं काय बघणार? गंज? तुमच्या सरांनी चालती भट्टी म्हटलं होतं, तुम्हीच लिहिलंय वर. चालती बघायची तर गोव्याला परत जा, नाहीतर हॉस्पेट-कोप्पळ पट्टा आहे, सकाळी निघालं की दुपारी पोचतंय. त्यासाठी जर्मनी कशाला?

---

शिरोलीकर

आबा, वर्मावर बोट ठेवलंत. मुद्दा बरोबर आहे. पण चालत्या भट्टीच्या आत बघता येत नाही ना. ती बाहेरनं नुसती धूर आणि पाईप. बंद आहे म्हणून तिच्या पोटापर्यंत जाता येतंय, असा माझा हिशोब. आणि खरं सांगू का, गोव्याला परत त्या गेटवर जायचं धाडस नाही. वॉचमन ओळखायचा.

---

आखेनची_अर्चना

माहेर राजारामपुरी, पंधरा वर्षं जर्मनीत, आखेनला एमएस करून इथंच राहिले. शिरोलीकरकाका, तुम्ही सगळं सांगितलंत, मुलगी काय म्हणते, मेव्हणे काय म्हणतात, वॉचमन काय म्हणाला. काकूंना काय बघायचंय ते एका ओळीतही नाही. विचारलंय का?

बाकी उपयोगाचं लिहिते.

१ मे २०२३ पासून इथं डॉयचलांड-टिकेट सुरू होतंय, यंदा महिन्याला ४९ युरो, देशभर सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या, ट्राम, बस त्यात चालतात. फास्ट आयसीई चालत नाही. मोबाईलवर घ्यायचं. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, जूनचं घेतलंत तर १० जूनच्या आत कॅन्सल करा, नाहीतर जुलैचेही कापतील. माझ्या भावाचे कापले जातील अशी माझी खात्री आहे, तो पण येतोय.

ड्युसबुर्गच्या त्या पार्कला तिकीट नाही. संध्याकाळी जा, जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो. तिथल्या जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग शिकवतात, १३ मीटर खोल आहे. शेजारच्या वुपरतालला उलटी टांगलेली रेल्वे आहे, १९०१ पासून नदीवरनं चालतीय. १९५० साली एका सर्कसवाल्यानं जाहिरातीसाठी हत्तीचं पिल्लू आत चढवलं, ते बिथरलं आणि डबा फोडून खाली नदीत पडलं. वाचलं. टुफी नाव होतं.

खाण्याचं: दुधाचे आणि मटणाचे पदार्थ बाहेरनं युरोपात आणता येत नाहीत, तेव्हा पेढे, तूप, खवा काही नको. चटणी, मेतकूट, शेंगदाणे बिनधास्त आणा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेवा.

---

रंकाळ्याचा_वारा

हत्ती रेल्वेतनं नदीत पडला??? शिरोलीकर, स्वित्झर्लंड कॅन्सल.

---

पांढरा_रस्सा

पंचगंगेवरनं अशी काढली तर पुरात पण चालंल. २०१९ ला शिरोलीचा हायवे किती दिवस पाण्याखाली होता आठवतंय ना.

---

इतिहासाचा_किडा

जरा अवांतर, पण कोल्हापूर आणि परदेशवारी एका धाग्यात आलं की मला राहवत नाही. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० ला इंग्लंडला गेले होते, वय अवघं वीस. तिथली रोजनिशी ठेवली त्यांनी. परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. त्या काळात इटलीत हिंदू पद्धतीनं दहन करायचं म्हणजे केवढी परवानगी, केवढी धावपळ, पण आर्नो नदीच्या काठी संगमावर दहन झालं. नंतर तिथं छत्री आणि अर्धपुतळा उभा केला. पुढं शेजारी पूल झाला त्याला आजही तिथली माणसं 'इंडियानो'चा पूल म्हणतात. आपल्यापैकी किती जणांनी बघितलाय? युरोप टूरची बस फ्लॉरेन्सला थांबते, पिझ्झा खाऊन माणसं पुढं जातात.

नंतर शाहू महाराज १९०२ ला गेले, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला, केंब्रिजनं एलएल.डी. दिली ती तेव्हाच.

---

मिनीड्राफ्टर

मी थांबलोय त्या पुलापाशी! २०१४ ला. टूरवाल्याला सांगून बघितलं, तो म्हणाला आयटनरीत नाही. मग मोकळ्या वेळात टॅक्सी करून गेलो, बायको शॉपिंग सोडून आली नाही. नदीकाठी बागेच्या टोकाला आहे, गर्दी नसते. मराठी पगडी घातलेला चेहरा इटलीत समोर आला की काय होतं ते सांगता येत नाही. पायताण काढलं आपसूक.

---

कागलचा_किरण

सर मी फायनल इयर मेकॅनिकल. माझा पण एम-३ राहिलाय (शिरोलीकर सर, बरं वाटलं वाचून). जर्मनीला एमएस करायचंय, तिथं फी नाही म्हणतात ते खरं आहे का? अर्चनाताई प्लीज सांगा. एजंट तीन लाख मागतोय.

---

आखेनची_अर्चना

किरण, एजंटला तीन रुपये पण देऊ नकोस. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही हे खरं, सेमिस्टरचं वर्गणीसारखं काहीतरी भरावं लागतं. पण राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये २०२३ ला वर्षाचे ११,२०८ युरो, आजच्या भावानं दहा लाखाच्या घरात. ते पैसे तुझेच असतात, महिन्याला थोडे थोडे सुटतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदं खरी असल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो, लवकर अर्ज कर. आणि एम-३ सोडवल्याशिवाय डिग्री नाही आणि डिग्रीशिवाय पुढचं काहीच नाही, ते आधी.

---

उद्यमनगर_आबा

हे एम-३, एम-३ काय आहे? सगळे त्यातच कसे अडकतात?

---

शिरोलीकर

आबा, लाप्लास नावाचा एक फ्रेंच माणूस होता. बाकी नका विचारू. सत्तावीस वर्षांत फौंड्रीत एकदाही गाठ पडली नाही त्याची.

---

संपादक

अवांतर आवरतं घ्या. जर्मनीतल्या शिक्षणासाठी वेगळा धागा काढा.

---

शिरोलीकर | २३ एप्रिल २०२३

अर्चनाताई, विचारलं. लाजच वाटली, पण विचारलं. ती चपाती लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "मला कुठंही न्या. फक्त सकाळी सहाला उठवून बशीत बसवू नका." मग जरा थांबून म्हणाली, पंचवीस वर्षं फर्स्ट शिफ्टच्या डब्याला पाचला उठतीय, परदेशात तरी आठपर्यंत झोपू दे. तेवढ्यावर टूर कंपनी निकालात निघाली. मेव्हणा नाराज आहे, त्याचा कोणी मित्र आहे टूरवाला.

व्हिसाची गंमत सांगायची राहिली. पुण्याला सेंटरवर गेलो. सगळी कागदं बरोबर, ३० हजार युरोचा इन्शुरन्स, कंपनीचं पत्र, गिफाचं पत्र, सगळं. मग बोटांचे ठसे. चार बोटं काचेवर ठेवा म्हणाली ती मुलगी. ठेवली. लाल दिवा. पुसून ठेवा. परत लाल. ओला टिश्यू दिला, दाबून धरा म्हणाली, उठून माझ्या बाजूला आली, स्वतः माझी बोटं दाबली. लाल. "काका, काय काम करता?" म्हटलं रोज वाळूत हात घालतो. खरंय की, सँड टेस्टिंगला मूठभर वाळू घेऊन चोळून बघायची सवय अजून गेलेली नाही, मशीन आलं तरी. माझ्या बोटांच्या रेघा शिरोलीच्या मोल्डिंग सँडमध्ये गेल्या असणार. सहाव्या खेपेला डावा हात हिरवा झाला, उजव्याला अजून पाच मिनिटं. मागं लाईन, सगळे माझ्याकडं बघतायत, बायको खुर्चीवर बसून हसतीय. तिचे पहिल्या झटक्यात.

---

उद्यमनगर_आबा

वाळू चोळून बघणारा क्वालिटीवाला अजून आहे हे वाचून बरं वाटलं. मशीनच्या नंबरवर इसवास ठेवू नका. व्हर्नियरचं बोललो ते मागं घेतो, तुमच्यापुरतं.

---

पांढरा_रस्सा

व्हिसा आला का?

---

शिरोलीकर

आला. १७ दिवसांनी.

---

रंकाळ्याचा_वारा | २९ जून २०२३

शिरोलीकर परतले का? पाऊस चालू झाला इकडं. वृत्तांत टाका की राव.

---

शिरोलीकर | २ जुलै २०२३

आलो मंडळी, आलो. कामाचा ढीग पडला होता म्हणून उशीर.

गिफाबद्दल थोडक्यात. हॉलच्या मागं हॉल, पाय मोडले. वाळूचे कोअर (ओतीव मालात पोकळी ठेवायला साच्यात बसवतात ते) प्रिंटरनं छापतात, कोअर बॉक्स नाही, पॅटर्न नाही, कंप्युटरमधनं सरळ वाळू. बघून आमचा पॅटर्नमेकर डोळ्यापुढं आला, सागवान हातात घेऊन उभा असलेला. जिकडं तिकडं हायड्रोजन आणि हिरवं पोलाद, कोळसा हा शब्द कुणी काढायलाच तयार नाही. आणि गंमत म्हणजे दर दहा मिनिटाला कोणीतरी 'काय हो शिरोलीकर' म्हणून हाक मारतंय. अर्धी एमआयडीसी तिथं. कोल्हापुरात अडीचशे-तीनशे फौंड्र्या, त्यातले मालक लोक बहुतेक आलेले. ज्यांना हितं सहा-सहा महिने भेट मिळत नाही ते तिथं रांगेत माझ्या मागं सँडविच घेऊन उभे.

आता मूळ मुद्दा. १८ जून, रविवार. अर्चनाताईंनी सांगितल्याप्रमाणं शनिवारीच ब्रेड घेतलेला, त्यावर कांदा-लसूण चटणी. सकाळी बायको नऊपर्यंत झोपली. दुपारनंतर गाडी पकडून ड्युसबुर्ग, तिथनं ट्राम, मग थोडं चालत. आधी झाडंच दिसतात. रुळांच्या मधनं बर्च उगवलेत, पोरं सायकली फिरवतायत, कोणी लग्नाचे फोटो काढतंय. आणि त्यांच्या डोक्यावर ती.

आबा, तुम्ही मढं म्हणाला होता. मला नाही तसं वाटलं. मोठी बैलजोडी सोडल्यावर नुसती गाडी जशी दांड्यावर टेकून उभी असते ना, तशी वाटली. पाच नंबरची भट्टी, तिच्या अंगाला लोखंडी जिने. पायऱ्या जाळीच्या, खालचं सगळं दिसतंय. पहिले दोन मजले गेलो. तिसऱ्यावर खाली नजर गेली आणि गुडघे पाण्यासारखे झाले. कठड्याला धरून बसलो तो बसलोच. तीस वर्षं जिची वाट बघितली तिच्या मांडीवर बसून मला घेरी! बायकोनं माझ्याकडं बघितलं, पर्स माझ्या हातात दिली आणि गेली वर. नऊवारी नव्हती एवढंच, साडीच होती. सत्तर मीटर असेल. वरनं हात करून ओरडतीय, "रंकाळा दिसंना हो!" खाली दोन जर्मन म्हातारे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आपला खाली उतरून कास्ट हाऊसमध्ये गेलो, जिथं भट्टी फोडून लोखंड काढायचे. ओतीव लोखंडाचे पाट जमिनीत अजून तसेच. टॅप होलपाशी, म्हणजे लोखंड काढायच्या भोकापाशी उकिडवा बसून हात घातला आत. थंडगार. बोटाला काजळीसारखं काहीतरी लागलं, ते रुमालाला पुसलं आणि तो रुमाल धुवायला टाकलेला नाही अजून. बायको अर्ध्या तासानं उतरली, दमलेली, खूश. म्हणाली, आता उलटी रेल्वे. दुसऱ्या दिवशी ती केली, हत्ती पडला ती जागा पण बघितली, कोलोनला गेलो, तिथंही ५३३ पायऱ्या तीच चढली. मी खाली पर्स घेऊन.

---

आखेनची_अर्चना

काकूंना सलाम!! तिकीट कॅन्सल केलं होतं ना?

---

शिरोलीकर

केलं होतं, ८ तारखेलाच, निघायच्या आधी. तुमच्या भावाचं काय झालं?

---

आखेनची_अर्चना

कापले.

---

मिनीड्राफ्टर

सरांना भेटलास का रे? ते आहेत ना?

---

शिरोलीकर | ९ जुलै २०२३

आहेत. ८१ वर्षांचे. आज सकाळी गेलो होतो, टाकाळ्याजवळ राहतात. धागा चालू केला तेव्हा हे करायचं डोक्यात नव्हतं, पण आता केल्याशिवाय चैन पडंना. माळ्यावरनं जुनी फाईल काढली, त्यात तो इंडस्ट्रियल व्हिजिटचा रिपोर्ट निघाला, कडा वाळवीनं खाल्लेल्या पण भट्टीची आकृती शाबूत. तो घेतला, मोबाईलमधले फोटो घेतले, आणि गेलो.

सरांनी ओळखलं नाही आधी. बॅच सांगितली मग ओळखलं. फोटो दाखवले, त्यांनी एकेक मोठा करून बघितला, चष्मा वर-खाली करत, मधे मधे 'हं' म्हणत. मग मी म्हटलं, सर, एक सांगायचं होतं, ९४ ला आम्ही व्हिजिटला आत गेलोच नव्हतो. मी तुम्हाला हो म्हणून सांगितलं ते खोटं होतं.

सर म्हणाले, "माहीत आहे की."

मी गप्प. म्हणाले, रिपोर्ट आणलायस तर दे इकडं. आकृतीवर बोट ठेवलं. "हे बघ, स्लॅगचं भोक कुठं काढलंयस? लोखंडाच्या खाली. स्लॅग हलका, तो वर तरंगणार, त्याचं भोक वर पाहिजे. त्या दिवशी फळ्यावर मी चुकून उलटं काढलं होतं. घरी गेल्यावर लक्षात आलं. म्हटलं पोरं जातायतच व्हिजिटला, बघून येतील, मला सांगतील. चाळीस रिपोर्ट आले. चाळीसांत भोक खालीच."

रोज भट्टीपाशी उभा राहतो मी मंडळी. सुरुवातीची दहा वर्षं क्युपोलावर (फौंड्रीतली लोखंड वितळवायची भट्टी) काढली, त्याचं स्लॅगचं भोक वरच असतंय हे झोपेत सांगीन. तरी तो कागद इतकी वर्षं तसाच, उलटा.

मग २१ मार्क कसे दिले म्हणून विचारलं तर म्हणाले, अक्षर चांगलं होतं. काकूंनी पोहे केले. निघताना सरांनी विचारलं, "आतनं कशी होती रे?" मी म्हटलं थंड होती सर. त्यांनी रुमाल बघायला मागितला, तो घरी राहिला होता. पुढच्या रविवारी नेऊन दाखवायचाय.

---

उद्यमनगर_आबा

असले मास्तर मला मिळाले असते तर मी पण इंजिनेर झालो असतो. किंवा मी पण गोव्याला गेलो असतो.

---

पांढरा_रस्सा

चाळीसांत भोक खालीच. चहा नाकातनं आला वाचताना.

---

कागलचा_किरण

सर एम-३ निघाला!! ४१ मार्क. आणि एक विनंती, त्या रिपोर्टचा फोटो टाकता का? पुढच्या महिन्यात आमची पण इंडस्ट्रियल व्हिजिट आहे. गोव्याला.

---

शिरोलीकर

अभिनंदन भावा. टाकतो संध्याकाळी. तेवढं भोक वर घे.